कडक उन्हातील फिल्म छायाचित्रण

कडक उन्हातील फिल्म छायाचित्रण म्हणजे स्वच्छ आकाश व थेट सूर्यप्रकाश असताना फिल्मवर छायाचित्र घेताना एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट यांचे नियोजन करण्याची पद्धती होय. प्रखर उन्हात दृश्याचा उजेडातील भाग आणि सावलीतील भाग यांच्या तेजस्वितेत मोठे अंतर पडते. हे अंतर छायाचित्राच्या कागदाला पेलत नाही, आणि काही प्रकारच्या फिल्मलाही पेलत नाही. परिणामी पांढरे कपडे, चुन्याच्या भिंती व आकाश यांतील तपशील नाहीसा होतो किंवा सावलीतील चेहरे काळे पडतात. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मसाठी या समस्येचे सर्वमान्य उत्तर असे आहे : एक्स्पोजर सावलीवरून ठरवावे आणि उजेडातील भाग विकसनाने आवरावेत. सावलीतील जो तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तो नंतर कोणत्याही रासायनिक किंवा मुद्रणप्रक्रियेने परत आणता येत नाही.

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील कोरड्या प्रदेशात, विशेषतः सोलापूर जिल्ह्यात, वर्षातील मोठा काळ अशा प्रकाशात जातो. या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग (तालुका दक्षिण सोलापूर) आणि त्याच्या परिसरातील परिस्थिती गृहीत धरून दिली आहेत.

संज्ञा

एक्स्पोजर : फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचे एकूण प्रमाण. मराठी परिभाषेत यास उद्भासन असेही म्हणतात. भिंगाच्या छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ या दोन गोष्टींनी ते ठरते.

एफ-क्रमांक : भिंगाच्या छिद्राचे माप. क्रमांक जितका मोठा तितके छिद्र लहान. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२, ३२ या मालिकेत प्रत्येक पुढच्या क्रमांकाला आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

स्टॉप : प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचे एकक. तीन स्टॉपचा फरक म्हणजे आठपट, तर सात स्टॉपचा फरक म्हणजे १२८ पट.

आयएसओ : फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा अंक. जुन्या फिल्मवर तो एएसए या नावाने छापलेला असे.

कॉन्ट्रास्ट : दृश्यातील किंवा चित्रातील सर्वांत उजळ व सर्वांत गडद भागांमधील तफावत.

विकसन : फिल्मवरील अदृश्य प्रतिमा डेव्हलपर नावाच्या रसायनाने दृश्य करण्याची क्रिया. स्टुडिओच्या बोलीत यालाच फिल्म किंवा रोल धुणे म्हणतात.

प्रखर उन्हाचे स्वरूप

स्वच्छ आकाशात, सूर्य माथ्यावर असताना जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. त्याच वेळी उघड्या आकाशाखालील सावलीत, म्हणजे जिथे थेट ऊन येत नाही पण आकाश दिसते अशा जागी, तो साधारण १०,००० ते २०,००० लक्स असतो. ऊन आणि सावली यांत अशा प्रकारे सुमारे तीन स्टॉपचा फरक असतो. घराच्या ओसरीत किंवा पत्र्याच्या शेडखाली आकाशाचा थोडाच भाग दिसत असल्याने हा फरक आणखी वाढतो.

या फरकात वस्तूंच्या स्वतःच्या रंगाची भर पडते. धुतलेले पांढरे धोतर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परावर्तित करते. काळे घोंगडे जेमतेम ४ टक्के. हा फरक सुमारे साडेचार स्टॉपचा आहे. उन्हातील पांढरे धोतर आणि सावलीतील काळे घोंगडे एकाच चित्रात आले, तर दोन्ही फरक एकत्र होऊन सात स्टॉपांहून मोठा पल्ला तयार होतो.

जमिनीचा रंगही महत्त्वाचा ठरतो. समुद्रकिनाऱ्यावरील फिकट वाळू बराच प्रकाश वर फेकते आणि चेहऱ्यावरील सावल्या काही प्रमाणात भरून काढते. दख्खनच्या पठारावरील काळी माती आणि बेसाल्टचा काळा दगड हे काम फारसे करत नाहीत. त्यामुळे नांगरलेल्या काळ्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या भुवयांखालील सावली किनाऱ्यावरील माणसाच्या तुलनेत अधिक गडद येते.

सूर्याची उंची हा तिसरा घटक आहे. सोलापूर शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो. या दिवसांना शून्य सावलीचे दिवस म्हणतात. भारतीय प्रमाणवेळेनुसार मे महिन्यात येथील खरी मध्यान्ह साडेबाराच्या थोडी आधी असते. सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग व हनुवटीखालील गळा यांवर गडद सावली पडते आणि कपाळ, नाकाचा शेंडा व खांदे चकाकतात. याउलट मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात मध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ५१ अंशच असते. प्रकाश तिरपा येतो आणि चेहऱ्याची एक बाजू पूर्ण उजळते.

फिल्मचे वर्तन

फिल्मवर पडलेला प्रकाश आणि विकसनानंतर तयार झालेला काळेपणा यांचा संबंध फर्डिनंड हर्टर आणि व्हीरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली आलेखरूपाने मांडला. या वक्राचे तीन भाग असतात. सुरुवातीचा सपाट भाग, म्हणजे पायथा, सावल्यांचा असतो. येथे प्रकाश वाढला तरी काळेपणा हळूच वाढतो. मधला भाग साधारण सरळ असतो व त्यात छटा व्यवस्थित विलग होतात. शेवटी खांद्याचा भाग येतो. तेथे प्रकाश वाढूनही काळेपणा फारसा वाढत नाही.

एक्स्पोजर कमी पडले की दृश्याच्या सावल्या पायथ्याच्याही खाली जातात. निगेटिव्हच्या त्या भागात चांदीचे कण तयारच होत नाहीत आणि फिल्म तेथे कोरी काचेसारखी राहते. एक्स्पोजर जास्त झाले तर उजळ भाग दाट होतात, दाणे ठळक होतात आणि मुद्रण कठीण होते; पण तपशील बहुधा शिल्लक असतो. म्हणून निगेटिव्ह फिल्मच्या बाबतीत कमी एक्स्पोजर हा जास्त एक्स्पोजरपेक्षा मोठा दोष मानला जातो.

विकसनाचा परिणाम वक्राच्या सर्व भागांवर सारखा होत नाही. सावल्यांतील काळेपणा विकसनाच्या पहिल्या काही मिनिटांत बराचसा पूर्ण होतो. उजळ भागांतील काळेपणा मात्र वेळेबरोबर वाढत राहतो. विकसनाचा काळ कमी केला तर सावल्या थोड्याच बदलतात, उजळ भाग मात्र बरेच खाली येतात. एक्स्पोजरने सावली आणि विकसनाने उजेड सांभाळण्याच्या तंत्राचा हा रासायनिक पाया आहे.

एक्स्पोजर ठरवण्याच्या पद्धती

सनी सिक्स्टीन नियम

प्रकाशमापक उपलब्ध नसताना वापरला जाणारा हा सर्वांत परिचित नियम आहे. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ अंकाच्या व्यस्ताइतका घ्यावा. आयएसओ १०० च्या फिल्मसाठी शटर १/१२५ सेकंद, तर आयएसओ ४०० साठी १/५०० सेकंद होते. एफ/११ ला १/२५० किंवा एफ/८ ला १/५०० ही जोडही तेवढेच एक्स्पोजर देते. शटर न बदलता इतर परिस्थितींसाठी छिद्र पुढीलप्रमाणे घेतात :

• फिकट वाळू, पांढऱ्या फरशीचे उघडे आवार : एफ/२२
• स्वच्छ ऊन, सावलीची कडा धारदार : एफ/१६
• विरळ ढग किंवा धुरळा, सावलीची कडा मऊ : एफ/११
• उजळ ढगाळ हवा, सावली दिसत नाही : एफ/८
• दाट ढग : एफ/५.६
• स्वच्छ दिवशी उघड्या आकाशाखालील सावली : एफ/४ ते एफ/५.६

हा नियम समोरून किंवा तिरप्या उन्हाने उजळलेल्या वस्तूसाठी आहे. ऊन बाजूने येत असल्यास एक स्टॉप आणि विषयाच्या पाठीमागून येत असल्यास दोन स्टॉप अधिक एक्स्पोजर देतात. माथ्यावरच्या उन्हात मात्र नियम नेमका उलट्या ठिकाणी लागू पडतो : डोक्यावरचा पटका बरोबर येतो आणि त्याखालचा चेहरा काळवंडतो.

प्रकाशमापकाचा वापर

कॅमेऱ्यातील किंवा हातातील परावर्तित प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरतो. हा करडा रंग सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा मानला जातो. चुन्याच्या भिंतीकडे रोखलेला मापक तिलाही करडी करू पाहतो आणि एक्स्पोजर दोन स्टॉपांहून अधिक कमी सुचवतो. भिंतीसमोर उभा असलेला माणूस अशा चित्रात जवळजवळ काळी आकृती होतो. काळ्या मातीचे क्षेत्र मोठे असल्यास याच्या उलट घडते.

यावरील साधा उपाय म्हणजे मापक विषयाच्या जवळ नेऊन महत्त्वाच्या भागाचेच मापन करणे. तसे करता येत नसेल, तर त्याच प्रकाशात धरलेल्या स्वतःच्या तळहाताचे मापन घेतात. तळहात साधारणपणे मध्यम करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असल्याने मिळालेल्या मापनापेक्षा एक स्टॉप अधिक एक्स्पोजर दिले जाते. आपाती प्रकाशमापक वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो. त्यामुळे पांढऱ्या-काळ्या रंगांनी तो फसत नाही, मात्र त्याचे मापन चेहऱ्यावर असलेल्या प्रकाशातच घ्यावे लागते.

झोन पद्धती

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील आर्ट सेंटर स्कूलमध्ये अध्यापन करताना ही पद्धती विकसित केली. तीत पूर्ण काळ्यापासून कागदाच्या पूर्ण पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे भाग कल्पिलेले असून शेजारच्या दोन झोनांत एका स्टॉपचा फरक असतो. मापक दाखवतो तो झोन ५. पोत दिसेल अशी गडद सावली झोन ३ मध्ये, सावलीतील सावळा चेहरा झोन ४ मध्ये आणि पोत टिकून असलेले पांढरे कापड झोन ८ मध्ये ठेवण्याचा प्रघात आहे. छायाचित्रकार सावलीतील एक भाग निवडतो, तो कोणत्या झोनमध्ये हवा हे ठरवून एक्स्पोजर निश्चित करतो आणि मग उजळ भाग कोठे पडतात ते पाहून विकसनाचा काळ ठरवतो.

उदाहरण

मे महिन्यातील दुपारी वळसंगसारख्या गावात एक शेतकरी घराच्या ओसरीच्या कडेला बसला आहे असे समजू. त्याचा चेहरा व खांद्यावरचे काळे घोंगडे सावलीत आहे आणि पुढे आलेल्या पायांवरील पांढऱ्या धोतरावर थेट ऊन पडले आहे. फिल्म आयएसओ १०० ची असून शटर १/१२५ सेकंदावर ठेवले आहे. जवळून घेतलेली मापने साधारण अशी येतील :

• उन्हातील पांढरे धोतर : एफ/३२ पेक्षा एक तृतीयांश स्टॉप पुढे
• सावलीतील चेहरा : एफ/५.६
• सावलीतील काळे घोंगडे : एफ/२.८

केवळ सनी सिक्स्टीन नियमाने एफ/१६ वर चित्र घेतल्यास धोतर उत्तम येते, पण चेहरा मापनापेक्षा तीन स्टॉप खाली, म्हणजे झोन २ मध्ये जातो. डोळे व सुरकुत्या यांचा तपशील हरवतो.

चेहरा झोन ४ मध्ये ठेवायचा तर एक्स्पोजर एफ/८ हवे. आता घोंगडे झोन २ मध्ये जवळजवळ काळे राहते आणि ते स्वीकारता येते. धोतर मात्र झोन ९ च्याही थोडे वर जाते, म्हणजे सामान्य विकसनात ते कोरे पांढरे छापले जाईल. विकसन एका झोनाने घटवले तर ते झोन ८ च्या आसपास परत येते. अशा घटवलेल्या विकसनात फिल्मची परिणामकारक संवेदनशीलता किंचित कमी होत असल्याने प्रत्यक्षात एक्स्पोजर आणखी अर्धा ते एक स्टॉप वाढवतात.

दुसरा मार्ग प्रकाशच बदलण्याचा आहे. उन्हात धरलेली पांढरी चादर ओसरीकडे वळवून चेहऱ्यावरील प्रकाश दुप्पट केला, तर चेहऱ्याचे मापन एफ/८ येते. तो झोन ४ मध्ये ठेवण्यासाठी एफ/११ पुरते, धोतर झोन ८ च्या जवळ राहते आणि विकसनात काहीच बदल करावा लागत नाही. एका रोलवर वेगवेगळ्या प्रकाशातील चित्रे असतात तेव्हा हा मार्ग अधिक सोयीचा ठरतो, कारण संपूर्ण रोल एकाच वेळी आणि एकाच काळासाठी धुतला जातो.

छायाचित्र घेताना कॉन्ट्रास्ट कमी करण्याचे उपाय

जागा व दिशा : विषयाला पूर्णपणे सावलीत घेणे आणि चौकटीतून उन्हाचा भाग वगळणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लिंबाच्या झाडाखाली पडणारे उन्हाचे कवडसे टाळले जातात, कारण ते चेहऱ्यावर पांढरे डाग उमटवतात. दाराच्या चौकटीत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवलेल्या व्यक्तीवर मऊ व एकदिश प्रकाश मिळतो.

वेळ : सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे एक-दोन तास प्रकाश तिरपा व सौम्य असतो. वरात, जत्रा, बाजार किंवा शेतीची कामे यांचे छायाचित्रण करताना वेळ निवडण्याची मुभा नसते. तेथे अन्य उपाय योजावे लागतात.

परावर्तक : पांढरे कापड, थर्मोकोलचा तक्ता किंवा चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा यांचा उपयोग होतो. चंदेरी परावर्तकाचा झोत तीव्र असतो व समोरच्याचे डोळे मिटतात. पांढऱ्या कापडाचा प्रकाश मंद पण पसरट असतो.

भर-फ्लॅश : उन्हात फ्लॅशचा उपयोग सावली भरण्यासाठी करतात. पडदा-शटर असलेल्या अनेक ३५ मिमी कॅमेऱ्यांत फ्लॅश १/६० किंवा १/१२५ सेकंदापेक्षा अधिक वेगाने जुळत नाही. यशिका किंवा रोलायकॉर्डसारख्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यांतील पाती-शटर सर्व वेगांना फ्लॅशशी जुळते. आयएसओ १०० ला ३२ मीटर मार्गदर्शक क्रमांक असलेला फ्लॅश एफ/१६ वर दोन मीटर अंतरापर्यंत पूर्ण प्रकाश देतो. चित्र कृत्रिम दिसू नये म्हणून फ्लॅशचा प्रकाश उन्हापेक्षा एक ते दोन स्टॉप कमी ठेवतात.

फिल्टर : कृष्णधवल फिल्मवर पिवळा फिल्टर निळे आकाश किंचित गडद करून ढग उठावदार करतो, त्यासाठी सुमारे एक स्टॉप अधिक एक्स्पोजर लागते. लाल फिल्टरला सुमारे तीन स्टॉप लागतात. सावल्यांना मिळणारा प्रकाश मुख्यतः निळ्या आकाशाचा असल्याने लाल व नारिंगी फिल्टर सावल्याही गडद करतात. कडक उन्हात माणसांच्या चित्रांसाठी म्हणूनच ते टाळले जातात. तटस्थ करडा फिल्टर एकूण प्रकाश कमी करतो, कॉन्ट्रास्ट नाही.

भिंगछत्र : भिंगावर थेट ऊन पडल्यास आत प्रकाश विखुरतो आणि सावल्यांवर धूसर पडदा येतो. हा कॉन्ट्रास्ट कमी होणे उपयुक्त नसते, कारण त्यात सावलीतील तपशील वाढत नाही, तो पुसट होतो.

विकसन आणि उष्ण हवामान

कॉन्ट्रास्ट एका झोनाने घटवण्यासाठी विकसनाचा काळ साधारण १५ ते ३० टक्क्यांनी कमी करतात. नेमके प्रमाण फिल्म, डेव्हलपर आणि टाकी हलवण्याची पद्धत यांवर अवलंबून असते व ते चाचणीनेच ठरते. काळ पाच मिनिटांच्या खाली गेल्यास विकसन असमान होऊन आकाशात पट्टे दिसतात. त्यामुळे काळ फार कमी करण्याऐवजी डेव्हलपर विरळ करणे श्रेयस्कर मानले जाते. डी-७६ समभाग पाण्यात मिसळून किंवा रोडिनाल १:५० ते १:१०० प्रमाणात वापरल्यास उजळ भागांजवळील डेव्हलपर लवकर थकतो व ते भाग आपोआप आवरले जातात; सावल्यांत मात्र काम चालू राहते. एक लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम मेटॉल व १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट एवढ्याच घटकांचे डी-२३ हे सौम्य डेव्हलपरही या कामासाठी प्रसिद्ध आहे.

कृष्णधवल विकसनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. सोलापूर परिसरात एप्रिल–मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि टाकीतील नळाचे पाणीही ३० अंशांहून गरम असू शकते. तापमान वाढले की विकसनाचा वेग वाढतो. २० अंशांना १० मिनिटांचे विकसन २४ अंशांना सुमारे ७ मिनिटांतच पूर्ण होते. तापमानाकडे दुर्लक्ष करून छापील वेळ पाळल्यास फिल्म अतिविकसित होते. म्हणजे ज्या ऋतूत दृश्याचा कॉन्ट्रास्ट आधीच सर्वाधिक असतो, त्याच ऋतूत डार्करूमही त्यात भर घालते.

गरम द्रावणात फिल्मवरील जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो व त्यावर सहज ओरखडे येतात. एका थंड द्रावणातून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर थरावर बारीक जाळीसारख्या सुरकुत्या पडू शकतात. हे टाळण्यासाठी डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो आणि धुण्याचे पाणी या सर्वांचे तापमान शक्यतो सारखे ठेवतात. रसायनांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवणे, धुण्यासाठी माठात गार झालेले पाणी वापरणे आणि काम पहाटे करणे हे सोपे उपाय आहेत. पाणी थंड करता येत नसल्यास सर्व द्रावणे २४ ते २६ अंशांवर स्थिर ठेवून त्यानुसार काळ कमी करतात.

न धुतलेली फिल्मही उष्णतेने बिघडते. बंद मोटारीत किंवा उन्हातील पिशवीत राहिलेल्या फिल्मवर धूसरपणा येतो व सावल्यांतील तपशील घटतो. शीतकपाटातून काढलेला रोल बाष्प जमू नये म्हणून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबीतच बंद ठेवतात.

मुद्रण

निगेटिव्ह कॉन्ट्रास्टी असल्यास मऊ श्रेणीचा कागद वापरतात. कृष्णधवल कागदाच्या श्रेणी ० पासून ५ पर्यंत असून ० ही सर्वांत मऊ व ५ ही सर्वांत कठोर असते. बहुश्रेणी कागदावर एन्लार्जरमधील फिल्टर बदलून श्रेणी बदलता येते. चेहऱ्यावर हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवत ठेवून तेथे प्रकाश कमी देणे आणि आकाशाला किंवा पांढऱ्या कपड्यांना जास्त प्रकाश देणे ही स्थानिक दुरुस्तीची रूढ तंत्रे आहेत. दाट झालेल्या उजळ भागातून अशा रीतीने पोत काढता येतो. कोऱ्या राहिलेल्या सावलीतून मात्र केवळ सपाट करडा किंवा काळा रंग मिळतो.

रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइड

रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त एक्स्पोजर दोन ते तीन स्टॉपांपर्यंत सहन करते, कमी एक्स्पोजर मात्र जेमतेम एक स्टॉप. त्यामुळे अनेक छायाचित्रकार उन्हात ती अंकित आयएसओपेक्षा एक स्टॉप कमी अंकावर वापरतात. तिच्या विकसनाचा काळ व तापमान प्रमाणित असल्याने कॉन्ट्रास्टचे नियंत्रण प्रामुख्याने परावर्तक व फ्लॅश यांवरच येते. उघड्या सावलीत आकाशाच्या प्रकाशामुळे त्वचेवर निळसर छटा येते. ती मुद्रणात दुरुस्त करतात.

स्लाइड फिल्मचा नियम उलटा आहे. तिचा पल्ला सुमारे पाच स्टॉपांचाच असतो आणि उजळ भाग जास्त एक्स्पोज झाल्यास तेथे पारदर्शक फिल्म उरते. म्हणून स्लाइडवर एक्स्पोजर उजळ भागावरून ठरवतात व सावल्या गडद जाऊ देतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळातील ओल्या कलोडियन काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. त्यामुळे आकाश कोरे पांढरे आणि सावळी त्वचा प्रत्यक्षाहून गडद येत असे. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मलाही लाल रंग दिसत नसल्याने त्वचेची ही अडचण पूर्णपणे सुटली नाही. ती सुटण्यासाठी सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मचा प्रसार व्हावा लागला.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (तालुका करमाळा) येथे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेण्यात आली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांचे पथक आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांचे पथक तेथे आले होते. सूर्याच्या प्रभामंडलाचा आतला भाग बाहेरच्या भागाहून कितीतरी पटींनी तेजस्वी असल्याने एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही भाग टिपता येत नाहीत. अशा वेळी खग्रास स्थितीच्या जेमतेम दोन मिनिटांत कमी-अधिक अवधीच्या अनेक काचा एक्स्पोज कराव्या लागतात. फिल्मचा पल्ला दृश्यापेक्षा अपुरा पडण्याचे हे टोकाचे उदाहरण होय.

मराठी चित्रपटसृष्टीचा आरंभही सूर्यप्रकाशावरच झाला. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटाचे चित्रण दिवसाच्या उजेडात झाले. फिल्मला छिद्रे पाडणे व विकसनाची रसायने तयार करणे या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा सहभाग होता. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोपर्यंत ऊन हाच मुख्य दिवा होता आणि परावर्तक हे त्याच्या नियंत्रणाचे साधन.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या स्टुडिओंत १२० आकाराच्या रोलवर चालणारे कॅमेरे प्रचलित होते. उटी येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सार्वजनिक उद्योगाची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म या काळात वापरली जाई. साध्या डबा-कॅमेऱ्यांवर शटरचे वेग नसत; सूर्य आणि ढग अशी चिन्हे असत. सूर्याचे चिन्ह निवडून घेतलेल्या समूहचित्रांत टोप्या स्वच्छ आणि चेहरे काळसर असे चित्र बऱ्याच वेळा येण्याचे कारण या लेखात वर दिलेल्या गणितातच आहे.

सोलापुरात मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज वाहणारे भाविक पांढरी बाराबंदी परिधान करतात. तिरप्या उन्हातील पांढरी वस्त्रे आणि गर्दीच्या सावलीतील चेहरे यांमुळे ही मिरवणूक कॉन्ट्रास्ट नियंत्रणाचा अवघड विषय ठरते. हलत्या गर्दीत प्रत्येक चेहऱ्याचे मापन शक्य नसते. अशा प्रसंगी आधी सावलीतील तळहातावरून एक्स्पोजर ठरवून कॅमेरा त्यावर स्थिर ठेवणे, सूर्याला बाजूला घेणे आणि पूर्ण रोल कमी काळ धुणे ही पद्धत उपयोगी पडते.

डिजिटल छायाचित्रणाशी तुलना

डिजिटल संवेदकाचे वर्तन या बाबतीत स्लाइड फिल्मच्या जवळचे आहे. उजळ भाग एकदा मर्यादेबाहेर गेले की त्यांतील माहिती नष्ट होते, तर सावल्या काही प्रमाणात नंतर उचलता येतात. त्यामुळे डिजिटल छायाचित्रकार उजळ भाग सांभाळून एक्स्पोजर देतो आणि निगेटिव्ह फिल्म वापरणारा सावली सांभाळून. डिजिटल कॅमेऱ्याची सवय असलेल्या व्यक्तीने तीच रीत निगेटिव्ह फिल्मला लावल्यास सावलीतील चेहरे हमखास कमी एक्स्पोज होतात. शिवाय फिल्मवर निकाल तत्काळ पाहता येत नाही. म्हणून पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगी फिल्म वापरणारे छायाचित्रकार शंका असल्यास एक स्टॉप अधिक देतात, किंवा एकाच दृश्याची एक स्टॉपच्या अंतराने दोन-तीन चित्रे घेतात.